अक्षर उडालं तेव्हा

संपादकांनी तंजावरला धाडलं होतं ते सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांसाठी. पहिल्या सकाळी बृहदीश्वराच्या आवारात 1803 मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख वाचत उभा होतो, तर एका ओळीतलं अक्षर उडालं. खरंच उडालं. चार हात पुढे जाऊन पुन्हा भिंतीला चिकटलं आणि दगडात विरघळलं. वाकून पाहिलं तेव्हा कळलं, तो चतुर होता. दगडासारखाच करडा, काळ्या-पांढऱ्या शिंतोड्यांचा, चारही पंख भिंतीला सपाट टेकवून बसलेला.

मोडी त्या दिवशी मागे पडली.

बाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईंना खुणा करून विचारलं. “तट्टान,” त्या म्हणाल्या. आणि बारीक, काडीसारखे असतात ते? “ऊसितट्टान.” ऊसि म्हणजे सुई. आपण त्याच किड्याला टाचणी म्हणतो. बसताना पंख पसरतो तो चतुर, पाठीवर मिटून घेते ती टाचणी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता शिवणाच्या एकाच डब्यात हात घातला, याची गंमत वाटत खोलीवर आलो आणि फोन उघडला.

‘चतुर’ शोधलं तर बिरबल आला. ‘टाचणी’ला स्टेशनरीची दुकानं आली. तमिळमध्ये तट्टान म्हणजे सोनारही, त्यामुळे तिथे दागिने. इंग्रजी नावाने शोधलं तेव्हा स्वप्नात चतुर दिसला तर काय होतं, हे सांगणारे लेख मिळाले. घरातलं नाव घेऊन या जगाच्या दारात गेलं तर दार उघडत नाही. किल्ली लॅटिन आहे, आणि ती मिळवायची तर किडा आधी ओळखावा लागतो.

या कोंडीतून सुटायचा एक रस्ता म्हणजे आयनॅचरॅलिस्ट. 2008 मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून सुरू केलेलं हे संकेतस्थळ. फोटो, तारीख आणि जागा द्या, यंत्र एक अंदाज बांधतं, मग जगभरातली माणसं तो खोडतात किंवा उचलून धरतात. माझ्या भुरकट फोटोवर अंदाज आला: ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा, इंग्रजीत ग्रॅनाइट घोस्ट. ग्रॅनाइटचं भूत! ग्रॅनाइटने उभारलेल्या या देवळात हजार वर्षांनी याहून चपखल रहिवासी कुठून आणणार?

किल्ली मिळाली आणि मी ‘ओडोनाटा ऑफ इंडिया’वर पोचलो. मला या लेखात खरं सांगायचं आहे ते या जागेबद्दल. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने आधी फुलपाखरांचं आणि मग त्याच घाटाचं हे चतुर-टाचण्यांचं संकेतस्थळ उभं राहिलं. भारतात या गणातल्या पाचशेच्या आसपास जाती आहेत, जगात सहा हजारांहून अधिक. इथे प्रत्येक जातीला आपलं पान आहे. पण मी अडकलो ते फोटोंखालच्या बारीक अक्षरांत. प्रत्येक फोटोखाली कुठे, कधी, कोणी, हे लिहिलेलं, आणि तो पानावर येण्याआधी जाणकाराच्या नजरेखालून गेलेला. सुंदर पण बेवारशी फोटोंच्या ढिगाऱ्यात वावरल्यावर ही शिस्त पाहून मला जुन्या दप्तराची आठवण झाली. मोडी कागदावर तारीख आणि ठिकाण नसेल तर अभ्यासक त्याला हात लावायला कचरतो. चतुराचंही तसंच.

वर्णनासाठी मात्र सगळे अजून फ्रेझरकडे जातात. एफ. सी. फ्रेझर हे लष्करातले डॉक्टर. चतुर-टाचण्यांवरचे त्यांचे तीन खंड 1933, 1934 आणि 1936 मध्ये निघाले. इंटरनेट आर्काइव्हवर त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. वाचायला रुक्ष, पण पंखांची शीर न् शीर मोजलेली. सोपं हवं असेल तर के. ए. सुब्रमण्यन यांची 2005 ची द्वीपकल्पीय भारताची मार्गदर्शिका आहे. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने ती फुकट उतरवून घ्यायला ठेवली. नव्या शोधांसाठी कोइमतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’, तेही फुकट.

नव्या शोधांतच भुताचा कोकणी भाऊ भेटला. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी 2020 मध्ये महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस ही नवी जात नोंदवली. त्याआधी 2019 मध्ये याच दोघांनी सिंधुदुर्गातून सेरिआग्रियॉन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी नोंदवली होती. तिची सगळ्यांना ठाऊक असलेली पिवळी बहीण सेरिआग्रियॉन कोरोमंडेलियानम. कोरोमंडेल म्हणजे चोळमंडल, म्हणजे मी बसलो होतो तोच मुलूख. हे नाव फॅब्रिसियसने 1798 मध्ये दिलं. लिनियसचा हा डॅनिश शिष्य; आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाने 1620 मध्ये डॅनिश लोकांना तरंगमबाडीचा किनारा दिला होता, तिथून किडे युरोपात जात. पँटाला फ्लॅवेसेन्स, म्हणजे पावसाळ्यात मैदानांवर थवे करून फिरणारा आणि हिंद महासागर ओलांडत असावा असं मानला जाणारा पिवळा चतुर, त्याचंही बारसं 1798 चंच. सरफोजीराजे दुसरे तंजावरच्या गादीवर आले तेही त्याच वर्षी. त्यांना शिकवणारे श्वार्ट्झ तरंगमबाडीच्या मिशनचे. योगायोगच, पण त्याने माझी ती रात्र खाल्ली.

आता अडचणी. आयनॅचरॅलिस्टवर नाव देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचं एकमत झालं की नोंद ‘संशोधनाच्या दर्जाची’ ठरते आणि जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाऊ शकते. किमान दोघं पुरतात. दोघंही चुकले तर? चूक तारीख-वेळेसकट, अगदी नीटनेटकी, पुढे जाते. कोकणात 2019 च्या आधी काढलेल्या पिवळ्या टाचणीच्या फोटोवर जुनंच नाव असेल, तर तो पुन्हा पाहावा लागणार, आणि ते करणारी माणसं मोजकी. टाचण्यांच्या कित्येक जाती नराच्या शेपटीच्या टोकाशी असलेल्या चिमट्यावरून ओळखतात. आपण फोटो काढतो डोळ्यांचा आणि रंगाचा. माद्यांचं तर विचारूच नका. वर नावं बदलतात: फ्रेझरच्या पुस्तकातली ऱ्हायनोसायफा बायसिग्नाटा आज हेलिओसायफा झाली आहे, त्यामुळे जुन्या नावाने शोधणारा निम्म्या वाटेत थांबतो.

मला त्याहून काळजी वाटली ती नकाशांची. सह्याद्रीवर ठिपक्यांची दाटी, कारण कॅमेरेवाले सुट्टीत तिकडेच जातात. कावेरीच्या खोऱ्यात उतरलं की ठिपके विरळ. भाताच्या खाचरातला चतुर कोणाला अपूर्वाईचा वाटत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही. उद्या तो कमी झाला तर कशाच्या तुलनेत कमी, हे कोण सांगणार? आणि तो रोज पाहणाऱ्या चपलावाल्या बाईंसाठी ‘तट्टान’ या नावाने उघडणारं पान माझ्या हाती तरी लागलं नाही.

रात्री उशिरा माझ्या नोंदीवर कोणीतरी लिहिलं: पंखाचं टोक दिसेल असा फोटो आहे का? जेमिनाटाच्या पंखाच्या टोकाजवळचा ठिपका मधे गडद आणि दोन्ही कडांना पांढरा असतो. माझ्या फोटोत नेमकं टोकच कापलं गेलं होतं.

सकाळी पुन्हा त्या भिंतीपाशी गेलो. ऊन चढेपर्यंत उभा राहिलो. सगळी अक्षरं जागेवर होती.