चमत्काराची अट

मुलांना घरीं परीची गोष्ट सांगणें सोपें आहे; तीच गोष्ट रंगभूमीवर आणणें मात्र जबाबदारीचें काम आहे. गोष्ट ऐकतांना राक्षस केवढा असावा हें मूल आपल्या मनाशीं ठरवितें, आणि भीति अनावर झाली म्हणजे आजीच्या पदराआड शिरतें. नाटकांत तो राक्षस साक्षात् समोर उभा राहतो. त्यामुळें तो केवढा दाखवावा व कशानें हरावा, हें ठरविण्याचा भार आपल्यावर येतो.

लंडन येथें १९०४ सालीं जेम्स बॅरी यांचें 'पीटर पॅन' रंगभूमीवर आलें. त्यांत मुलें तारांच्या आधारें उडत. प्रयोग पाहून घरीं गेलेल्या कित्येक मुलांनीं पलंगावरून उड्डाण केलें व त्यांना इजा झाली! तेव्हां पालकांच्या विनंतीवरून बॅरी यांनीं नाटकांत भर घातली कीं, अंगावर परीची धूळ पडल्यावांचून कोणासहि उडतां येत नाहीं. त्यांनीं उडणें काढून टाकलें नाहीं, कीं तें खोटें आहे असें सांगितलें नाहीं. चमत्काराला केवळ एक अट घातली. रूपांतर करणारानें ध्यानांत ठेवावें तें हेंच.

मराठींत १९५९ सालीं सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'नें रत्नाकर मतकरी यांचें 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणलें. त्यांतील चेटकीण स्वतः सुधाताईंनीं केली. मुलांपुढें चेटकीण उभी करणें हें मोठ्या कलावंतानें मन लावून करण्याचें काम आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकीण २०१८ सालीं नव्या संचांत पुन्हां आली, तेव्हां नव्या पिढीनेंहि तिचें स्वागत केलें.

"पण आम्हां नांदेड-लातूरकडील शाळांजवळ तारा कोठल्या, यंत्रें कोठलीं?" असें कोणी विचारील. माहूरची रेणुका ज्यांची कुलस्वामिनी आहे, त्यांनीं तरी असें विचारूं नये. लग्नानंतर आपल्या घरीं गोंधळ होतो. संबळ, तुणतुणें व एक पेटती दिवटी, एवढ्याच साहित्यावर गोंधळी ठिकठिकाणच्या देवतांना हांक मारतो, आणि त्या अंगणांत आल्याच असें लहानथोरांस वाटतें. पडदा नसतो, पण हांक मनापासूनची असते.

लातूर येथें एका शाळेच्या संमेलनासाठीं आम्हीं एक परीकथा बसविली होती. लहानगीं घाबरतील म्हणून आम्हीं राक्षसाला आरंभींच सांगावयास लाविलें कीं, "मी खरा राक्षस नाहीं." मुलें घाबरलीं नाहींत हें खरें, पण शेवटीं राक्षस पडला तेव्हां त्यांना आनंदहि झाला नाहीं. पुढच्या रांगेंतील एका चिमुरडीनें मागाहून आम्हांस विचारलें, "तो खरा नव्हता, तर त्याला मारलें कशाला?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

म्हणून आमच्या वाचक भगिनीबंधूंस विनंति आहे. येत्या सुटींत वाड्यांतील मुलें जमवून, चादरीचा पडदा करून, एखादी गोष्ट अवश्य बसवा. राक्षस खरा असूं द्या. परंतु तो कशानें हरतो तें मुलांना आधीं सांगून ठेवा, आणि ती किल्ली त्यांच्याच हातीं द्या.