फुकटची प्रत आणि तिचा गोतावळा

दुसऱ्याने लिहून सार्वजनिक ठेवलेला सॉफ्टवेअर प्रकल्प ‘क्लोन’ करणे, म्हणजे त्याची जशीच्या तशी प्रत आपल्या संगणकावर उतरविणे, हे आज क्षणाचे काम आहे. त्यास पैसाही पडत नाही. मात्र तो प्रकल्प ज्या भाषेच्या ज्या आवृत्तीवर आणि इतरांच्या ज्या पॅकेजांवर उभा असतो, ती सहसा प्रतीबरोबर येत नाहीत. ती हुडकण्याचा खर्च घेणाऱ्याच्या माथी पडतो. लेखकाने दहा मिनिटे खर्चून आवृत्त्यांची नोंद ठेवली, तर पुढच्या शेकडोंचे दिवस वाचतात. परंतु लाभ परक्याचा असल्याने ती दहा मिनिटे बहुधा खर्ची पडत नाहीत.

पायथॉन भाषेचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २००८ मध्ये निघालेली तिची तिसरी आवृत्ती दुसरीशी जाणूनबुजून विसंगत ठेवण्यात आली. दुसरीत सात भागिले दोन यांचे उत्तर तीन येई. तिसरीत साडेतीन येते. जुना प्रकल्प नव्या आवृत्तीवर अडून बसला तर ते एका परीने बरेच, कारण दोष निदान दिसतो. भागाकार मात्र मुकाट्याने उत्तर बदलतो, आणि हप्त्यांच्या हिशेबात असे घडले तर ते कोणाच्या ध्यानात यावे? दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. स्थित्यंतरास अकरा वर्षे लागली.

मार्च २०१६ मध्ये नावाच्या एका वादातून एका लेखकाने आपली पॅकेजे जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ या कोठारातून काढून घेतली. त्यांतील ‘लेफ्ट-पॅड’ जेमतेम अकरा ओळींचे होते. तेवढ्याने जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी खोळंबली. आपण त्यावर विसंबून आहोत, हे पुष्कळांना ठाऊकही नव्हते. नाते तिसऱ्या-चौथ्या पिढीचे होते! काही तासांत ते परत बसविण्यात आले.

प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती गोठवून ठेवणारी ‘लॉक फाइल’ एनपीएममध्ये २०१७ साली रुळली. पायथॉनमध्ये प्रत्येक प्रकल्पास वेगळे घर देणारी ‘व्हेन्व्ह’ ही सोय २०१२ पासून आहे. दोन्ही अवश्य वापराव्यात. तरीही जे गोठविले त्याचे दोषही गोठतात. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या ‘लॉगफोरजे’ या पॅकेजात गंभीर छिद्र असल्याचे जाहीर झाले, तेव्हा जुनी आवृत्ती धरून बसलेल्यांना ती सोडावी लागली. नवी आवृत्ती ज्यांनी घाईघाईने सिद्ध केली, ते मुख्यतः स्वयंसेवक होते. त्या पॅकेजाच्या आधारे धंदा करणाऱ्यांत मात्र जगातील बड्या कंपन्या होत्या.