तेरा जातींची एक वाइन

दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्यों आणि ओरांज या शहरांच्या मधे, ऱ्होन नदीच्या डाव्या तीरावर शातोनफ-द्यु-पाप हे लहानसं गाव आहे. १९२३ साली इथल्या द्राक्षबागायतदारांनी ठरवलं की, जिथे लव्हेंडर आणि थाइम ही दोन्ही झुडपं आपसूक उगवतात, अशाच कोरड्या, निकस जमिनीतल्या वाइनला गावाचं नाव लावायचं. जमीन कसदार नको, अशी अट शेतकरी स्वतःहून घालतात हे वाचलं आणि या गावावर लिहायचं पक्कं झालं. संपादकांना विषय पटला तो मात्र वेगळ्या कारणाने. ही लाल वाइन तेरा जातींची द्राक्षं मिसळून करायची मुभा आहे, आणि एवढं सगळं एकत्र का करायचं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं.

गावाच्या नावातला ‘पाप’ म्हणजे पोप, आणि तो खरा आहे. १३०९ ते १३७७ या काळात पोपचं आसन रोमऐवजी आव्हिन्योंला होतं. तिथले दुसरे पोप, बाविसावे जॉन, यांनी या टेकडीवर किल्लेवजा वाडा बांधला. सोळाव्या शतकातल्या धर्मयुद्धांत तो जळाला आणि उरलेल्या बुरुजाचा निम्मा भाग १९४४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने सुरुंग लावून उडवला. १९३७ पासून इथल्या बाटलीच्या काचेवर पोपचा मुकुट आणि किल्ल्या उठावात दिसतात, म्हणून ही वाइन थेट चौदाव्या शतकातून आली असं वाटतं. प्रत्यक्षात आज आपण जी पितो ती घडवली विसाव्या शतकातल्या शेतकऱ्यांनी, आणि तीही मोठ्या पडझडीनंतर.

१८६३ मध्ये नदीपलीकडच्या प्युजो गावात वेली कारण कळेना अशा वाळू लागल्या. अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा ही मुळं शोषणारी कीड होती. तिने पुढे फ्रान्सभरच्या बागा बसवल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेतूनच, तिथल्या जंगली जातींच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधायचा. नाशिकचा बागायतदार आज डॉगरिज खुंट वापरतो, तोही अमेरिकन वंशाचाच. आपल्याकडे कारण वेगळं, क्षार आणि पाण्याची टंचाई.

बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण नाव विकलं जाऊ लागलं. इथली दमदार वाइन पिंपांतून बर्गंडीला जायची आणि तिथल्या हलक्या वाइनला बळ द्यायला वापरली जायची. दुसरीकडे, बाहेरची कसलीही वाइन शातोनफच्या नावाने बाजारात येत होती. वैतागलेले शेतकरी १९२३ मध्ये शातो फोर्तिया या बागेचे मालक बॅरन पिएर ल र्वा यांच्याकडे गेले. ल र्वा कायदा शिकलेले होते आणि पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानांचे वैमानिक होते. नेतृत्व घ्यायला ते तयार झाले ते एका अटीवर, असं सांगतात. शिस्त आधी गावकऱ्यांनी स्वतःला लावायची. मग हद्द ठरली, जाती ठरल्या, छाटणीची पद्धत ठरली. वाइनमध्ये अल्कोहोल किमान साडेबारा टक्के हवं. साखर घालून ते वाढवायचं नाही. तोडणीच्या वेळी किमान पाच टक्के माल निवडून बाजूला काढायचा. गुलाबी वाइन करायची नाही. बरीच वर्षं कोर्टकचेरी चालली आणि १९३६ मध्ये या नियमांना सरकारी शिक्का मिळाला. फ्रान्समध्ये गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण देणारी जी व्यवस्था पुढे सगळीकडे पसरली, तिच्या उभारणीत ल र्वांचा मोठा वाटा आहे. आजही इथे यंत्राने तोडणी चालत नाही, आणि उतारा हेक्टरी ३५ हेक्टोलिटरवर, म्हणजे साडेतीन हजार लिटरवर अडवलेला आहे.

हे सगळं कागदावर वाचून मी गेले ती फेब्रुवारीत, छाटणी पाहायला. मांडव किंवा वाय पद्धतीच्या बागा पाहिलेल्या माणसाला इथली बाग आधी बागच वाटत नाही. तार नाही, खांब नाही. हातभर लाल-पिवळ्या गोट्यांचं रान आणि त्यातून वर आलेली काळी, गाठाळ, गुडघाभर उंचीची खोडं. आल्प्समधून नदीने लोटत आणलेले, घासून गुळगुळीत झालेले हे क्वार्ट्‌झाइटचे दगड दिवसभराचं ऊन साठवतात आणि रात्री सोडतात. त्यांच्याखाली लाल चिकणमाती आहे, ती पावसाचं पाणी धरून ठेवते. या दगडांचं कौतुक जगभर चालतं, म्हणून हेही सांगायला हवं की, इथल्या सर्वांत नावाजलेल्या बागांपैकी एक, शातो रायास, वाळूवर आहे आणि तिथे गोटे जवळपास नाहीतच.

छाटणी करणारा कामगार साठीचा असेल. प्रत्येक वेलीपाशी तो आधी नुसता उभा राहायचा. खोडाच्या डोक्यावर चार-पाच हात पेल्यासारखे बाहेर उघडलेले असतात. गेल्या हंगामातल्या काड्यांपैकी प्रत्येक हातावर एक ठेवायची आणि तीही दोन डोळ्यांवर कापायची. कात्री चालते क्षणभर, वेळ जातो तो कुठली काडी ठेवायची हे ठरवण्यात. आतल्या बाजूला वळलेली काडी कितीही जोमदार असली तरी जाते, कारण मधली जागा वाऱ्यासाठी मोकळी राहिली पाहिजे. दोन वर्षांनी हात कुठे पोचेल हे बघून तो आज कापत होता. उत्तरेकडून मिस्त्राल वारा सुटला होता. हा वारा ऱ्होनच्या खोऱ्यातून दिवसेंदिवस वाहतो, पानं कोरडी ठेवतो, बुरशी अडवतो आणि नाजूक फुटवे मोडतोही. ग्रनाश जातीचे फुटवे ताठ आणि चिवट असतात, म्हणून ती तारेशिवाय या वाऱ्यात उभी राहते. सिराला, आपण जिला शिराझ म्हणतो तिला, तार द्यावी लागते. जुन्या वेलींची खोडं दक्षिणेकडे झुकली आहेत, ती याच वाऱ्याने.

तेराही जातींची नावं सांगते. ग्रनाश, सिरा, मूरव्हेद्र, सँसो, कुनवाझ, म्युस्कार्दँ, व्हाकारेझ, तेरे न्वार, पिकपूल, क्लेरेत, बूर्बुलाँक, रूसान आणि पिकार्दां. रंगभेद वेगळे मोजले तर २००९ च्या नियमांत त्या अठरा होतात. यातल्या काही पांढऱ्या आहेत आणि लाल वाइनमध्ये त्याही चालतात. कुठली किती घालायची, याचं बंधन नाही. एकट्या ग्रनाशची वाइन करणारेही आहेत, आणि शातो द बोकास्तेलसारखं घराणं तेराच्या तेरा जाती लावतं.

मिसळायचं कशासाठी, ते तळघरात कळतं. तिथे प्रत्येक जातीची कच्ची वाइन वेगवेगळी चाखायला मिळाली. ग्रनाश गोडसर, उबदार, पिकल्या स्ट्रॉबेरीच्या वासाची; पण रंगाने फिकी आणि हवेला फार हळवी. हवा लागली की लवकर उतरते, म्हणून ती सिमेंटच्या टाकीत किंवा जुन्या, प्रचंड लाकडी पिंपात ठेवतात. मूरव्हेद्र नेमकी उलट. काळपट, तुरट, चामड्याच्या वासाची आणि हवेवाचून घुसमटणारी. मोजपात्रात सत्तर भाग ग्रनाश, वीस भाग मूरव्हेद्र आणि दहा भाग सिरा ओतली, तेव्हा ग्रनाशचा सैलपणा गेला आणि मूरव्हेद्रची अढी सुटली. मग त्यात थोडी कुनवाझ पडली. कुनवाझ एकटी असताना पातळ, आंबटसर, मिऱ्याची चव असलेली. मिश्रणात ती ओळखूसुद्धा आली नाही, पण घोट संपल्यावर तोंड जड वाटत होतं ते वाटेनासं झालं. एवढ्याशा वाट्याने एवढा फरक पडतो, हे जिभेवर घेतल्याशिवाय मला पटलं नसतं.

चवीइतकंच दुसरंही कारण आहे, हवामानाचं. सगळ्या जाती एकाच दिवशी फुलत नाहीत, एकाच आठवड्यात पिकत नाहीत. २०१३ मध्ये फुलोऱ्यात ग्रनाशची फूलगळ झाली आणि पीक कोसळलं. त्या वर्षीच्या बाटल्यांत सिरा आणि मूरव्हेद्रचं प्रमाण वाढलं आणि वाइन उभी राहिली. २०१८ मध्ये डाऊनी या बुरशीने पुन्हा ग्रनाशलाच गाठलं. ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, त्यांचं तळघर अर्धं रिकामं राहिलं.

ही वाइन जेवणाबरोबरची आहे. प्रोव्हान्समध्ये ती थंडीत निघते. लाल वाइनमध्ये मुरवून संत्र्याच्या सालीसह मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं बीफ, म्हणजे दोब; लसूण आणि थाइम लावून भाजलेली मेंढ्याची तंगडी; रानडुक्कर; मुरलेलं कडक चीज. दहा-पंधरा वर्षं जुनी बाटली असेल तर व्होक्लूज जिल्ह्यातल्या काळ्या ट्रफलचं ऑम्लेट. १६-१७ अंशांना द्यावी, आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला नाही. आपल्या स्वयंपाकात मात्र एक पथ्य आहे. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, त्यामुळे झणझणीत तांबड्या रश्शाबरोबर ही वाइन नुसती जाळते. काळ्या मसाल्याचं, तिखट बेताचं सुकं मटण किंवा गोड्या मसाल्याचं भरलं वांगं घ्या, दोन्हीची चव उठते.

आणि काळजी आहे ती या अल्कोहोलचीच. १९२३ मध्ये साडेबारा टक्क्यांची किमान अट घातली, कारण तेव्हा भीती पातळ वाइनची होती. आज पंधरा टक्क्यांच्या बाटल्या सर्रास दिसतात. उन्हाळे तापले, तोडणी अलीकडे सरकली, आणि ग्रनाश अशी आहे की साल आणि बी नीट पिकेपर्यंत थांबावं तर तोवर मण्यात साखर फार चढते. साखर जास्त म्हणजे अल्कोहोल जास्त आणि आंबटपणा कमी. रात्री ऊब देणारे दगड ज्या हवामानात वरदान होते, तिथे आता रात्रीसुद्धा वेलीला विसावा मिळत नाही. पाणी देण्यावर कडक निर्बंध आहेत. उत्तरेकडचे उतार, वाळूच्या जमिनी, ज्या पूर्वी दुय्यम समजल्या जायच्या, त्यांचा भाव वाढला आहे.

उपाय तेरा जातींच्या यादीतच आहे. कुनवाझ, तेरे न्वार, म्युस्कार्दँ, व्हाकारेझ या जाती कमी साखरेच्या किंवा जास्त आंबटपणाच्या. पांढऱ्यांपैकी क्लेरेत आणि बूर्बुलाँक उन्हाला टिकतात. पण लागवडीचा सत्तर टक्क्यांहून जास्त भाग एकट्या ग्रनाशने व्यापला आहे आणि या लहान जाती कोपऱ्याकोपऱ्यात उरल्या आहेत. ग्रनाश बहुतेक वर्षी भरवशाने पिकते, ग्राहकाला ती आवडते, समीक्षकांनी जड वाइनला वर्षानुवर्षं भरभरून गुण दिले. शेतकऱ्याने तीच लावली, यात त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

बदलायचं म्हटलं तरी सोपं नाही. जमिनीतल्या सूत्रकृमींमुळे पसरणारा विषाणू जुन्या बागांत ठाण मांडून असतो, म्हणून वेली उपटल्यावर जमीन काही वर्षं पड ठेवावी लागते. त्यानंतर लावलेली वेल पहिली तीन-चार वर्षं उत्पन्न देत नाही आणि तिची खरी प्रत कळायला वीसेक वर्षं जातात. आज कुनवाझ लावणारा शेतकरी ती मुलांसाठी लावतो, आणि तोवरचा तोटा स्वतः सोसतो. कर्ज काढून बाग चालवणाऱ्या लहान शेतकऱ्याला हे परवडणं कठीण आहे. हा भार एकेकट्याने उचलावा अशी अपेक्षा अन्यायाची होईल. १९२३ मध्ये गावाने मिळून स्वतःवर बंधनं घातली, तसंच आता गावाने मिळून लहान जातींच्या लागवडीला आधार द्यायला हवा.

ल र्वांच्या पिढीने यादी लांब ठेवली हा त्यांचा दूरदर्शीपणा ठरला आहे. एका जातीच्या वाइनला हवामान बदललं की पळवाट नसते, मिश्रणाला असते. मात्र ती बागेत लावलेली हवी. येत्या काही वर्षांत या लहान जाती जमिनीत उतरल्या नाहीत, तर तेरा नावं नियमावलीत राहतील आणि वाइन एकट्या ग्रनाशच्या नशिबावर चालेल.