रिझल्ट शून्य आला? 'डेटाच नाही' असं लगेच समजू नका!

समजा, तुमच्या कॉलेजच्या ग्रुपने रक्तदात्यांचं छोटंसं ॲप बनवलंय. रात्री अकराला मेसेज येतो, 'कऱ्हाडला ओ निगेटिव्ह रक्त हवंय.' तुम्ही ॲपमध्ये शोधता आणि उत्तर येतं, 'एकही दाता नाही'. पण तुमच्या वर्गातला एक मित्र ओ निगेटिव्ह आहे, कऱ्हाडचाच आहे आणि त्याने तुमच्यासमोर फॉर्म भरलाय. मग तो गेला कुठे?

एरर आणि रिकामं उत्तर यात फरक आहे

एरर आली म्हणजे डेटाबेसला तुमची क्वेरी चालवताच आली नाही. उत्तर रिकामं आलं म्हणजे क्वेरी नीट चालली, पण सगळ्या अटींत बसणारी एकही ओळ मिळाली नाही. म्हणून अशा वेळी डेटाआधी अटी तपासायच्या.

आपल्या ॲपने तीन अटी लावल्यात: शहर कऱ्हाड, रक्तगट ओ निगेटिव्ह आणि शेवटचं रक्तदान ९० दिवसांपूर्वीचं. आधी तिन्ही अटी काढा आणि एकूण ओळी मोजा. इथेच ० आलं, तर ॲप भलत्याच रिकाम्या फाइलला जोडलेलं असू शकतं. ओळी दिसल्या, तर एका वेळी एकच अट लावून बघा. जिथे मित्र गायब होतो, तिथे गडबड आहे.

नेहमीचे तीन चोर

१. न दिसणारी स्पेस: कीबोर्डच्या सजेशनवर टॅप केलं की शब्दामागे अनेकदा स्पेस येते. आपल्या फोनमधल्या बहुतेक ॲप्सचा डेटाबेस एसक्यूलाइट असतो. त्याच्यासाठी 'ओ निगेटिव्ह' आणि मागे स्पेस असलेलं 'ओ निगेटिव्ह ' हे दोन वेगळे शब्द. लेंग्थ फंक्शनने मोजा: ११ ऐवजी १२ आलं की चोर सापडला. उपाय: सेव्ह करतानाच ट्रिम वापरा.

२. सारखी दिसणारी अक्षरं: कोणी 'कराड' लिहितं, कोणी 'कऱ्हाड'. हा फरक निदान दिसतो तरी. पण 'कऱ्हाड' आणि 'कर्‍हाड' डोळ्यांना सारखेच वाटतात. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. लेंग्थ ६ आणि ७. उपाय: शहर टाइप करायला न लावता यादीतून निवडायला द्या.

३. नल: मित्राने याआधी कधीच रक्त दिलेलं नाही, म्हणून तारखेचा रकाना रिकामा, म्हणजे नल. नल म्हणजे 'माहीत नाही'. त्याची कुठल्याही तारखेशी तुलना केली तर उत्तर 'हो' येत नाही, 'नाही'ही येत नाही. आणि व्हेअर फक्त 'हो' वाल्या ओळी दाखवतं. म्हणजे पहिल्यांदाच रक्त द्यायला तयार असलेले सगळेच यादीतून बाहेर! उपाय: अटीला 'ऑर शेवटचं रक्तदान इज नल' जोडा आणि तारखेच्या दोन्ही अटी एका कंसात ठेवा. '= नल' लिहून चालत नाही.

आणि त्या रात्री?

आधी मित्राला फोन लावा, रक्तपेढीला विचारा. ॲप सकाळी दुरुस्त करा. तेव्हा स्क्रीनवरचं वाक्यही बदला: 'एकही दाता नाही' ऐवजी 'या अटींत कोणी सापडलं नाही, एखादी अट काढून बघा'. घाईत असलेला माणूस पहिलं वाक्य वाचून शोध थांबवतो, दुसरं वाचून पुन्हा शोधतो.