करमणुकीच्या उद्यानांतील चाकरी

जत्रेंतील उंच पाळण्यांत बसलेला मुलगा वरून सारें गांव पाहतो. पण खालीं उभा राहून पाळणा फिरविणाऱ्या माणसाकडे त्याचें लक्ष सहसा जात नाहीं. नाटक पाहून घरीं परतणारे प्रेक्षक नटांची स्तुति करतात. पण पडदा ओढणाऱ्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. सुखाचें असेंच आहे. तें भोगणाऱ्यास तें आपोआप आल्यासारखें वाटतें. आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी खोपोलीजवळ २०१३ सालीं उघडलेल्या 'इमॅजिका' नामक उद्यानांत सुटींत जाऊन येतात आणि तेथील गमती वर्गांत रंगवून सांगतात. त्या ऐकतां ऐकतां आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला. जेथें हजारों लोक केवळ मौजेसाठीं येतात, तेथें पोटासाठीं येणाऱ्या माणसाचा दिवस कसा जात असेल? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें, तर जगांतील बहुतेक अशा उद्यानांनीं ज्याचा कित्ता गिरविला, त्या अमेरिकेंतील डिस्नेलँडकडेच गेलें पाहिजे.

सुप्रसिद्ध चित्रपटकार वॉल्ट डिस्ने हे आपल्या दोन मुलींस सुटीच्या दिवशीं चक्राकार फिरणाऱ्या लांकडी घोड्यांवर बसावयास नेत आणि आपण स्वतः बांकावर बसून राहत. आईबाप व मुलें यांस एकत्र रमतां येईल अशी जागा असावी, ही कल्पना आपणांस तेथें सुचली, असें ते सांगत. पुढें कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें संत्र्यांच्या बागांच्या जागीं, १९५५ सालच्या जुलै महिन्याच्या १७ तारखेस, डिस्नेलँड उघडलें. पहिला दिवस फजितीचा ठरला. खोटीं तिकिटें घेऊन पुष्कळ लोक आंत शिरले, आणि उन्हानें नवें डांबर मऊ पडून स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा त्यांत रुतूं लागल्या. तथापि पुढें या उद्यानाची कीर्ति जगभर पसरली.

जत्रेहून या उद्यानाचा वेगळेपणा कशांत आहे, तें प्रथम सांगणें अवश्य आहे. जत्रेंत एकेक खेळ सुटा असतो. येथें प्रत्येक भाग एका गोष्टीचा तुकडा असतो. एकीकडे जुन्या काळची वसाहत, दुसरीकडे अरण्यांतील नदी, तिसरीकडे भविष्यकाळचें नगर. त्या त्या भागांतील दिवे, कुंपणें, वाद्यें, एवढेंच नव्हे तर सेवकांचे कपडेही त्या गोष्टीस शोभतील असेच असतात. म्हणजे तेथें चाकरी करणारा मनुष्य हा देखाव्याचाच एक भाग होतो. म्हणून तेथील भाषाही नाटकाची आहे. नोकरास नोकर न म्हणतां नटसंचांतील सभासद म्हणावयाचें, गिऱ्हाइकास पाहुणा म्हणावयाचें. पाहुण्यांच्या दृष्टीस पडणारी सर्व जागा रंगमंच, आणि उरलेली पडद्यामागची. नव्या नोकरांस शिकविण्यासाठीं १९५५ सालींच वर्ग निघाला, आणि पुढें त्यास 'विद्यापीठ' असें भारदस्त नांव मिळालें. वाट दाखवितांना एक बोट रोखूं नये, कारण कांहीं देशांत तें असभ्य समजतात, दोन बोटांनीं किंवा उघड्या हातानें दाखवावें, इतकी बारीक गोष्टही तेथें शिकवितात.

पडद्यामागची ही जागा कशी असते, याचें उत्तम उदाहरण त्याच कंपनीनें फ्लॉरिडांत १९७१ सालीं उघडलेल्या उद्यानांत आहे. भविष्यकाळच्या नगरांतून जुन्या काळचा एक गुराखी लगबगीनें चाललेला पाहून डिस्नेसाहेबांचा रसभंग झाला, अशी गोष्ट सांगतात. तसें पुन्हां घडूं नये म्हणून फ्लॉरिडांत सेवकांच्या येण्याजाण्यासाठीं खालून लांबच लांब बोळ काढले. तेथें जमिनींत पाणी फार वर लागतें, म्हणून तळघर खोदण्याची सोय नव्हती. तेव्हां बोळ जमिनीवरच बांधले, जवळचा तलाव खणतांना निघालेली माती भोंवतीं व वर पसरली, आणि तिच्या माथ्यावर उद्यान उभारलें. पाहुणे ज्यास जमीन समजतात तो वास्तविक दुसरा मजला होय! खालीं कपड्यांचीं कोठारें आहेत, जेवणघर आहे, कचेऱ्या आहेत. वर राजवाडा व राजकन्या. खालीं उघड्या नळांची ओळ आणि हातगाड्यांचा खडखडाट. तेथें काम करणारा मनुष्य दिवसांतून अनेकदां एका जगांतून दुसऱ्या जगांत जातो, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यास आपला थकवा खालीं ठेवावा लागतो.

हा थकवा केवळ उभें राहण्याचा नसतो. डिस्नेलँडमध्यें १९५५ सालापासून अरण्यांतील नदीची एक सफर आहे. नाव पाण्याखालीं लपविलेल्या रुळावरून चालते. नावाडी मात्र हातांत चाक धरून कृत्रिम हत्ती व पाणघोडे दाखवितो आणि विनोद करतो. सफर सात-आठ मिनिटांची. म्हणजे तोच हत्ती, तोच विनोद आणि तेंच आश्चर्य त्यास दिवसांतून कितीतरी वेळां नव्यानें आणावें लागतें. एकच धडा चार तुकड्यांस शिकविणाऱ्या आमच्या शिक्षकबंधूंस या श्रमाची कल्पना सहज येईल. नावाड्यास तो विनोद शिळा झालेला असतो. पण समोरच्या बांकावरील मुलाची ती पहिलीच सफर असते. तें मूल वर्षभर या दिवसाची वाट पाहत आलेलें असतें. हें ज्यास विसरतां येत नाहीं, तोच येथें टिकतो. अशा कामांतून शिक्षणही होतें. अमेरिकेंतील प्रसिद्ध विनोदी नट स्टीव्ह मार्टिन हे बालपणीं डिस्नेलँडमध्यें मार्गदर्शक पुस्तिका विकीत, व पुढें तेथीलच जादूच्या दुकानांत काम करीत. लोकांपुढें उभें कसें राहावें, याचे पहिले धडे त्यांस तेथेंच मिळाले.

आतां दुसरी बाजू पाहूं. वेगानें धांवणाऱ्या पाळणागाड्यांवर काम करणाऱ्यास हंसरें तोंड आणि कडक नजर, दोन्ही एकाच वेळीं ठेवावीं लागतात. दारें उघडण्यापूर्वींच कारागीर गाड्यांची व मार्गाची तपासणी करतात आणि रिकाम्या गाड्या फिरवून पाहतात. डिस्नेलँडमध्यें १९५९ सालीं सुरू झालेल्या 'मॅटरहॉर्न' या डोंगरावरील मार्गाचे, आगगाडीच्या मार्गाप्रमाणें, खंड पाडलेले आहेत. पुढील खंड मोकळा झाल्यावांचून मागील गाडी त्यांत जाऊं शकत नाहीं. म्हणून एकाच मार्गावर अनेक गाड्या सुरक्षितपणें धांवतात. परंतु यंत्र कितीही शहाणें असलें तरी प्रत्येकाच्या मांडीवरील दांडा हातानें ओढून पाहणें हें माणसाचेंच काम. शंभराव्या गाडीचा दांडाही पहिल्या गाडीच्या दांड्याइतक्याच दक्षतेनें पाहावा लागतो. आणि सर्वांत कठीण काम म्हणजे 'नाहीं' म्हणणें. अशा कित्येक गाड्यांवर ४० इंचांहून कमी उंचीच्या मुलास बसूं देत नाहींत. तासभर रांगेंत उभें राहिलेलें मूल अर्ध्या इंचानें कमी भरतें, तें रडूं लागतें, बाप रागावतो. अशा वेळीं गोड शब्दांत पण ठामपणें त्यास परत पाठविणारा तो तरुण त्या मुलाचा वैरी नसून राखणदार असतो. त्या बापाच्या ध्यानांत हें त्या क्षणीं येत नाहीं, एवढेंच.

झाडूवाल्याचें काम सर्वांत हलकें असें आपल्याकडे समजण्याची वाईट चाल आहे. या उद्यानांत झाडू आणि लांब दांड्याचें सुपलें घेऊन फिरणारा मनुष्यच पाहुण्यांस सर्वांत अधिक भेटतो. वाट त्यासच विचारतात, हरवलेलें मूल त्याच्याचजवळ येऊन उभें राहतें. म्हणून त्यास साऱ्या उद्यानाची माहिती ठेवावी लागते. रात्रीं दारें बंद झाल्यावर दुसरी टोळी येते व पहांटेपर्यंत रस्ते धुते. सकाळच्या पाहुण्यास वाटतें, हें उद्यान मुळीं मळतच नाहीं!

मोठे मुखवटे घालून उंदराचें किंवा अस्वलाचें सोंग घेणाऱ्यांची स्थिति तर विशेष आहे. जाड पोशाख, उन्हाळ्याची उष्णता, तोंडानें बोलावयाचें नाहीं, आणि लोकांसमोर मुखवटा काढावयाचा नाहीं. मूल येऊन गळ्यास मिठी मारतें. पण तें ज्यास मिठी मारतें त्याचा चेहरा त्यास कधींच दिसत नाहीं.

मग वाचक विचारतील, पैसे घेऊन हंसणें हें ढोंग नव्हे काय? आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषींनीं १९८३ सालीं विमानांतील सेविकांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाचा भाग म्हणून मनोभाव आवरणें व प्रसन्नता दाखविणें हाही श्रमच आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें, व त्यास 'भावनांचे श्रम' असें नांव दिलें. आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. रोग्याजवळ जातांना परिचारिका आपलें दुःख दाराबाहेर ठेवते, त्यास आपण ढोंग म्हणत नाहीं, कर्तव्य म्हणतों. परंतु जो श्रम आहे त्यास योग्य वेतन व विसांवाही हवा. केवळ 'हें स्थळ आनंदाचें आहे' एवढ्यानें घरभाडें भागत नाहीं. वेतनवाढ रोखण्याच्या प्रस्तावाविरुद्ध डिस्नेलँडमधील कामगारांनीं १९८४ सालीं २२ दिवस संप केला. २०२० सालच्या महामारींत उद्यानें बंद पडलीं, तेव्हां कंपनीनें आपल्या उद्यानांच्या विभागांतील सुमारें २८,००० लोकांस कमी करण्याचें जाहीर केलें. त्यांत बहुतेक थोड्या तासांचे नोकर होते. पुढें २०२४ सालच्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील सोंगें घेणाऱ्या व मिरवणुकींत नाचणाऱ्या कलावंतांनींही मत देऊन कामगारसंघ पत्करला. मुखवट्याच्या आंतून आलेला तो आवाज होता.

विद्यार्थिमित्रहो, पुढल्या सुटींत तुम्ही अशा उद्यानांत जाल तेव्हां मनसोक्त हंसा. त्यासाठींच तें आहे. पण गाडींतून उतरतांना दांडा तपासणाऱ्याकडे एकदां पाहा. हातांतील कागद त्याच्या वाट्यास न टाकतां पेटींत टाका. उंचीवरून धाकट्या भावास परत पाठविलें तर वाद घालूं नका. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, सुटींत आपला मुलगा किंवा मुलगी असें काम करूं म्हणेल, तर त्यांत कमीपणा मानूं नये. मात्र तास किती, विसांवा किती व वेतन किती, हें आधीं नीट विचारून घ्यावें. सणाच्या दिवशीं सारें जग सुटी भोगतें, तेव्हां कोणीतरी कामावर असतो. त्याचें नांव आपणांस ठाऊक नसेल, पण त्याचे आभार मानावयास नांव ठाऊक असण्याची गरज नाहीं.