नकाशा बदलला तरी जुनी सीमा पुसू नका

आज डेटाबेसच्या आराखड्याबद्दल बोलू. हे काम संगणक सुरू करण्याआधी, कागद-पेन्सिल घेऊन करायचं असतं.

फौजेत गस्तीहून आलेल्या तुकडीच्या अहवालात दोन गोष्टी हव्यातच: कुठे आणि केव्हा. त्या नसतील तर बाकीचा मजकूर कुचकामी. डेटाबेसचंही तसंच आहे.

उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. लोकसंख्या १,१०,६०,१४८ आणि क्षेत्रफळ ९,५५८ चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे १,१५७ माणसं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. ठाण्याकडे ४,२१४ चौरस किलोमीटर उरले. आता कुणी जुनं क्षेत्रफळ खोडून नवं लिहिलं आणि लोकसंख्या तशीच ठेवली, तर घनता २,६२५ दिसेल. एकही माणूस न वाढता! वर डहाणू-जव्हारची माणसं ठाण्याच्या खात्यात, आणि पालघरचा रकाना रिकामा. दवाखाना कुठे हवा, हे अशाच आकड्यांवरून ठरतं.

म्हणून आराखड्यात चार गोष्टी करा.

एक, जिल्हा आणि त्याची सीमा वेगळ्या ठेवा. ठाणे एकच, पण त्याच्या सीमा अनेक. प्रत्येक सीमेला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा.

दोन, लोकसंख्या जिल्ह्याच्या नावाला नव्हे, त्या दिवशी लागू असलेल्या सीमेला जोडा.

तीन, नियम लिहा: कोणत्याही दिवशी जमिनीचा एक तुकडा एकाच जिल्ह्यात असेल. पालघर कुणातून निघाला, तेही नोंदवा.

चार, काळ दोन असतात. घटना घडली तो एक, आपण नोंद केली तो दुसरा. वायरलेसच्या वहीत जवान दोन्ही वेळा लिहितो, कारण उद्या कुणी विचारतं, "निर्णय घेतला तेव्हा तुम्हाला काय ठाऊक होतं?"

हे फक्त महाराष्ट्रापुरतं नाही. तेलंगणात २०१४ मध्ये १० जिल्हे होते, २०१९ पासून ३३ आहेत. तुम्ही ज्या राज्यात असाल, तिथला एखादा जिल्हावार तक्ता उघडा आणि विचारा: हा आकडा कोणत्या तारखेच्या सीमेचा? उत्तर मिळालं नाही, तर दोन वर्षांची तुलना करू नका.