चेर्नोबिलच्या जंगलात वणवा पेटला की रेडिएशनचं काय होतं?

आधी एक प्रश्न. रोगाचे जंतू असलेला कपडा जाळला तर जंतू मरतात. मग किरणोत्सारी झाड जाळलं तर किरणोत्सारही जळून जाईल ना?

नाही जात. आग ही रासायनिक क्रिया आहे. ती अणूंच्या जोड्या तोडते आणि नव्या जुळवते, लाकडाची राख आणि धूर होतो तो असा. किरणोत्सार मात्र अणूच्या पोटातून, म्हणजे केंद्रकातून येतो आणि तिथे वणव्याची आच पोचतच नाही. त्यामुळे सीझियम-१३७ चा अणू आगीनंतरही जसाच्या तसा राहतो, फक्त त्याचा पत्ता बदलतो. काल पालापाचोळ्यात होता, आज धुरात किंवा राखेत.

आता जागेबद्दल. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिल अणुवीज केंद्राची ४ नंबरची अणुभट्टी फुटली. तेव्हा तो सोव्हिएत संघ होता, आज युक्रेन आहे. तिथला सुमारे २,६०० चौरस किलोमीटरचा भाग अजूनही प्रतिबंधित आहे, म्हणजे अख्खी मुंबई चारदा मावेल एवढा. भट्टीजवळचे पाइन वृक्ष तर मरून तांबूस पडले, म्हणून त्या पट्ट्याला 'लाल जंगल' म्हणतात. ती झाडं नंतर बुलडोझरने पाडून पुरली. बाकी ठिकाणी माणसं निघून गेली आणि ओसाड शेतांवर गवत, झुडपं, झाडं माजली.

या झाडांत किरणोत्सार शिरतो कसा? सीझियमचे गुण पोटॅशियमसारखे आणि स्ट्रॉन्शियमचे कॅल्शियमसारखे. मुळं फसतात आणि खत समजून दोन्ही ओढून घेतात. मग पानं गळतात, मातीत जातात आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं आहे. फोनच्या बॅटरीसारखं बघा: १९८६ ला १०० टक्के, २०१६ ला ५०, २०४६ ला २५. म्हणजे अजून बरंच शिल्लक आहे.

मला यातली सगळ्यात विचित्र वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. टिमोथी मूसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वच्छ पाला भरलेल्या शेकडो पिशव्या चेर्नोबिल परिसरातल्या जंगलांत ठेवल्या आणि काही महिन्यांनी उघडून पाहिल्या. जिथे प्रदूषण जास्त, तिथे पाला कमी कुजलेला निघाला. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. पाला कुजवणारे सूक्ष्मजीव आणि बुरशी तिथे नीट काम करत नाहीत, असा त्याचा अर्थ. पाला कुजला नाही की साठत जातो, वाळतो आणि सरपण तयार! म्हणजे जिथे आग लागायला नको, तिथेच जळायला जास्त.

एप्रिल २०२० मध्ये नेमकं तेच घडलं. युक्रेनमध्ये वसंत ऋतूत वाळकं गवत पेटवून द्यायची जुनी सवय आहे (आपल्याकडेही डोंगरावरचे वणवे बऱ्याचदा असेच सुरू होतात). प्रतिबंधित भागात आगी भडकल्या आणि अणुवीज केंद्रापासून जेमतेम एक-दोन किलोमीटरवर येऊन ठेपल्या. महिन्याच्या मध्यावर पाऊस आला तेव्हा जरा दम घेता आला. सुरुवातीलाच तिथले एक पर्यावरण अधिकारी येहोर फिर्सोव यांनी मीटरचा आकडा फेसबुकवर टाकला होता: नेहमीच्या ०.१४ ऐवजी आगीच्या मध्यभागी ताशी २.३ मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे १६ पट! पोस्ट व्हायरल होणारच.

पण जरा हिशोब करू. छातीच्या एका एक्स-रेत साधारण १०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. या हिशोबाने त्या जागी ४० तासांहून जास्त उभं राहिलं तर एका एक्स-रेएवढा डोस. मग भीती कसली? मीटर फक्त बाहेरून अंगावर पडणारं रेडिएशन मोजतो. आग विझवणारा माणूस तो धूर श्वासात घेतो आणि फुफ्फुसात गेलेला कण आतून मारा करत राहतो. प्लुटोनियमचे अल्फा कण त्वचेवर अडतात, फुफ्फुसात मात्र थेट पेशींवर आदळतात. त्यामुळे खरा धोका अग्निशामक जवानांना.

सुमारे १०० किलोमीटरवरच्या कीवमध्ये चित्र उलटं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने रेडिएशनची वाढ अगदी किरकोळ आणि आरोग्याला निर्धोक असल्याचं सांगितलं. शहर गुदमरलं ते साध्या धुरामुळे.

२०२२ पासून एक नवी अडचण आहे. रशियन फौजा त्या भागात शिरल्या आणि निघून गेल्या, पण जमिनीत सुरुंग राहिले. आता आग दिसली तरी बंब घेऊन थेट आत जाता येत नाही.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये नासाचा 'फर्म्स' नकाशा उघडा, फुकट आहे. चेर्नोबिल शोधा. लाल ठिपका म्हणजे उपग्रहाला तिथे उष्णता दिसली, एवढंच. रेडिएशन त्यात दिसत नाही. आणि कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवून रेडिएशन मोजणारी ॲप्स? कॅमेऱ्याचा सेन्सर गॅमा किरण पकडतो हे खरं, पण तीव्रता बरीच जास्त असेल तरच. ताशी दोन-तीन मायक्रोसिव्हर्टसाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका, त्याला गायगर काउंटरच लागतो.